हळदकुंकवाचे आठ डॉलर

महाल, नागपूर
१७ फेब्रुवारी १९७४

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

तुझं जानेवारीचं पत्र मिळालं. तिकडे बर्फ पडला आणि तुझ्या मोटारीचं इंजिन गारठलं हे ऐकून आईला फार वाईट वाटलं. इंजिन म्हणजे तुझ्या छातीतलाच काही भाग असावा असा तिचा समज झाला आहे. मी तो दूर केलेला नाही. एरवी तुझ्या पत्रात काळजी करण्याजोगं तिला काही सापडत नाही.

आता इकडचं. घरमालक गोपाळरावांनी दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करून मागितल्या आहेत. मुलाचं लग्न ठरलंय, सून यायची आहे. मागितल्या म्हणजे हात जोडून मागितल्या, पण रोज सकाळी जोडतात. मी गावाबाहेर हुडकेश्वरला रुपरावांच्या शेतातला एक प्लॉट ठरवला आहे. माझ्या फंडातले दोन हजार इसार म्हणून दिले. बाकी सात हजार दसऱ्यापर्यंत द्यायचे. दसरा टळला तर प्लॉट दुसऱ्याचा आणि इसारही रुपरावांचा, असा करार आहे. शाळेतल्या बाया हसतात. म्हणतात, मोठ्या बाई, तिकडे कोल्हे राहतात. राहू देत. कोल्हे भाडं मागत नाहीत.

आईची हौस तुला ठाऊक आहेच. माहेरी खाप्याला हातमागावर बसायची तेव्हा घर काकांचं, लग्नानंतर घर सासऱ्यांचं, मग हे गोपाळरावांचं. मरायच्या आधी एकदा स्वतःच्या दाराला स्वतःच्या हातानं कुलूप लावायचं आहे, एवढंच ती म्हणते. सात हजार तू बँकेतून पाठव. वेळेत पाठव.

आणखी एक बातमी. आपले मावसभाऊ, इतवारी बाजारातले लुगड्याचे व्यापारी भैयाजी निनावे विलायतेला निघाले आहेत. ‘व्यापाराच्या अभ्यासासाठी.’ गेली वीस वर्षं ज्या माणसाने समोरच्या दुकानाचा भाव विचारायलासुद्धा नोकर पाठवला, तो आता युरोपचा अभ्यास करणार. तुझ्याकडून हमीपत्र मागवलंय म्हणे. देशीलच तू. नाही म्हणायला तुला कधी जमलंय?

तुझी ताई
कुसुम

---

वेम्बली, लंडन
९ मार्च १९७४

ति. आईस व ताईस शि. सा. नमस्कार.

ताई, तू प्लॉट बघितलास हे उत्तम झालं. पण पैसे बँकेतून कशाला? बँक पौंडाला एकोणीस रुपये देते. भैयाजी इकडे येतच आहेत. सरकार त्यांना परदेशासाठी फक्त आठ डॉलर देणार. आठ डॉलरमध्ये इथे दोन दिवसही निघत नाहीत. तेव्हा त्यांना इथे लागतील ते पौंड मी देईन आणि त्याचे रुपये ते नागपूरला तुझ्या हातात ठेवतील. चोवीसचा भाव ठरलाय. तीनशे पौंडांचे सात हजार दोनशे होतात. प्लॉटचे सुटून वर दोनशे तुझे. त्यांचंही भलं, आपलंही. इथे सगळे असंच करतात.

मागच्या वेळी इथे आलेल्या डॉक्टरांशी असाच व्यवहार केला तेव्हा त्यांच्या घरून पैसे आणायला तुला चार खेपा पडल्या, ते लक्षात आहे. पण भैयाजी घरचे आहेत, तसं होणार नाही.

फक्त पत्रात यापुढे ‘पौंड’ हा शब्द लिहू नकोस. कायदा कडक झालाय. ‘संत्री’ लिही, मी समजेन.

आणि हो, खरेदीखत माझ्या नावाने कर. मी पाच वर्षांत परत येतोच आहे, उगाच पुन्हा नाव बदलायचा खर्च नको.

आईच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवतो आहे.

तुझा
मधू

---

महाल, नागपूर
२८ एप्रिल १९७४

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

ज्या पत्रात ‘पौंड लिहू नकोस, संत्री लिही’ असं लिहायचं त्याच पत्रात पौंड हा शब्द चार वेळा लिहायचा, ही हुशारी तू तिकडच्या टपाल खात्याच्या नोकरीत शिकलास की इथूनच घेऊन गेला होतास? बरं, संत्री तर संत्री.

मला हा व्यवहार आवडलेला नाही, हे लिहून ठेवते. तुझी संत्र्यामागे पाच रुपयांची बचत मी आजवर लोकांच्या दारात उभी राहून केली आहे. डॉक्टरांच्या बायकोने मला ओसरीवर बसवून आतून विचारलं होतं, ‘कोन आली वं? पैशेवाली बाई का?’ तीस वर्षं मास्तरकी केली, लेकरांनी मला मोठ्या बाई म्हटलं, आणि तुझ्यामुळे मी पैशेवाली बाई झाले. पण आता वेळ उरलेली नाही, म्हणून गप्प बसते.

भैयाजी अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर निघाले. तो थाट सांगते. वर्तमानपत्रात फोटो आला, ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली अभिनंदन करणाऱ्यांची नावं. जाहिरातीचे पैसे भैयाजींनी स्वतः भरले हे मला जाहिरातवाल्याने सांगितलं. घरी सत्यनारायण घातला. पूजेला मुख्य मान कोणाला, सांग बघू. डॉलरला! पाचाची एक नोट आणि एकेकाच्या तीन, चांदीच्या ताटात मांडल्या होत्या. सगळी इतवारी रांगेने दर्शनाला. भैयाजींच्या बायकोने, पुष्पलतावहिनींनी, प्रत्येक नोटेवर हळदकुंकू लावलं, चांगलं ओल्या बोटानं, ठसठशीत. नोटेवरच्या त्या गोऱ्या माणसाच्या कपाळाला बरोबर मधोमध लागलं. भैयाजी सगळ्यांना सांगत होते, ‘पाहून घ्या गा, सरकारनं येवढेच देले. आठ! येवढ्यात मी दुनिया फिरून दाखवतो.’

मग स्टेशनवर बँड. गळ्यात झेंडूचे हार आणि वरून दहादहाच्या नोटांचे हार, तेही एक नाही, पाचसहा. रुपये बाहेर नेता येत नाहीत, हे कोणीतरी गाडी सुटताना सांगितलं. तेव्हा खिडकीतून ते सगळे हार काढून वहिनींच्या हातात दिले. त्यात एक हार त्यांच्या चष्म्याला अडकला आणि चष्माही वहिनींच्या हातात आला. गाडी सुटली. विलायत त्यांना आता अंधुकच दिसणार आहे.

संत्री देताना चारदा विचार कर. चष्मा नसला तरी मोजताना त्यांना चांगलं दिसतं.

तुझी ताई
कुसुम

---

वेम्बली, लंडन
१२ जून १९७४

ति. आईस व ताईस सा. नमस्कार.

ताई, भैयाजी येऊन गेले. आता ते पॅरिसमार्गे पुढे गेले आहेत, जुलैअखेर नागपूरला पोचतील. तुझं म्हणणं काही बाबतीत खरं आहे, हे कबूल करतो.

पहिल्याच दिवशी आम्ही त्यांचे डॉलर बदलायला बँकेत गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने नोटा पाहिल्या आणि हातच मागे घेतला. तिला ते रक्त वाटलं. मी समजावलं की हे धार्मिक आहे. तिने मान डोलावली, समोरच्या ओल्या स्पंजाला बोट लावलं आणि नोटेवरचं कुंकू पुसायला लागली. ताई, भैयाजी असे ओरडले की बँकेतली सगळी रांग वळून बघायला लागली. ‘ओ बाई! कुंकू पुसून राहिली काय! माह्या घरची बाई जिती हाये!’ त्यांनी नोटा हिसकावून घेतल्या, छातीशी धरल्या आणि तडक बाहेर. मला त्या मुलीची तीनदा माफी मागावी लागली. शेजारी इंग्रज बाई उभी होती, तिने माझ्याकडे असं पाहिलं की नऊ वर्षांत जे इथे कमावलं ते गेलं असं वाटलं.

त्यानंतर भैयाजींनी त्या नोटा कुठेही काढल्या नाहीत. म्हणाले, ‘लक्ष्मी हाये, घरची घरी नेतो.’ बनियनच्या आतल्या खिशात शिवून घेतल्या. तेव्हा सगळा खर्च माझ्याच संत्र्यांवर झाला. तीनशे पूर्ण दिली. माझ्या खोलीत पलंगावर बसून दोनदा मोजून घेतली. त्यातून टेपरेकॉर्डर, तीन घड्याळं, वहिनींसाठी मिक्सर घेतला, पुढच्या हॉटेलांचे पैसे आधीच भरले. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘नागपूरले पाय ठेवल्याबरोबर कुसुमताईच्या हातात पैसे ठेवतो.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी रक्ताची माणसं.

तू काळजी करू नकोस. फक्त तोंड जरा आवर.

तुझा
मधू

---

महाल, नागपूर
२५ ऑगस्ट १९७४

चि. मधूस आशीर्वाद.

तुझ्या डोळ्यांतलं पाणी जपून ठेव, पुढे लागेल.

भैयाजी परत आले त्याला महिना झाला. पुन्हा बँड, पुन्हा फोटो. आणि आता एक नवीनच प्रकरण सुरू आहे. स्टेशनवर कोणीतरी विचारलं, काय भैयाजी, आठ डॉलरमध्ये भागलं का? गर्दी होती, गळ्यात हार होते. भैयाजी म्हणाले, ‘भागलं म्हणजे? पुरून उरले!’ टाळ्या पडल्या. तो टाळ्यांचा आवाज त्यांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा, ‘आठ डॉलर, आठ देश! नागपूरच्या व्यापाऱ्याची किमया.’ आता दर रविवारी त्याच नावाची लेखमाला येते. एका देशाला एक डॉलर असा हिशेब आहे. इंग्लंडात एक डॉलर खर्च झाला, तोही तुझ्या इथे नाही. ‘लंडनमध्ये मी स्टेशनच्या बाकावर झोपलो आणि सोबतच्या दशम्या खाऊन दिवस काढले.’ तुझं नावही नाही, मधू. तुझ्या पलंगावर ज्याने नोटा मोजल्या त्याने तुला एका बाकड्यात जिरवलं.

मी पंधरा दिवस वाट पाहिली. मग शाळा सुटल्यावर दुकानात गेले. गादीवर चार गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत बसले. मग विचारलं, ‘भैयाजी, मधूचं काय?’

‘मधूचं? बरा हाये मधू. थोडा वाळला.’

‘त्याने दिलेल्याचं म्हणते मी.’

‘काय देलं वं ताई त्यानं?’ असं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. मधू, मला वाटलं होतं डोळे चुकवतील. चुकवले नाहीत. अगदी निर्मळ चेहरा. ‘मी तं आठ डॉलरातच फिरलो. साऱ्या नागपूरले माहीत हाये. तू पेपर वाचत नाही काय?’

मी म्हटलं, ‘टेपरेकॉर्डर कशात आला?’

‘भेट भेटला. तिकडची लोकं लय चांगली हायेत.’ मग आवाज खाली आणून, ‘अवं, समजून घे ना. आता मी पैशे देले अन् कोनाले कळलं, तं लोकं काय म्हणतीन? आठ डॉलरचं काय होईन? थोडं थांब. हे सारं थंड होऊ दे.’

थंड कधी होणार? एकेक देश दोनतीन रविवार चालतो, आणि लेखमालेचे अजून सहा देश बाकी आहेत. त्यांना पैसे बुडवायचे आहेत असंही नाही, मधू. त्यांना फक्त तू नको आहेस. तुझी संत्री कबूल केली की विलायत गेली, लेखमाला गेली, ते पुन्हा लुगडी विकणारे भैयाजी. सात हजारांसाठी कोणी एवढं निर्लज्ज होत नाही, टाळ्यांसाठी होतो.

वहिनींनी आत नेऊन चहा दिला. वरमल्या होत्या बिचाऱ्या. देवघरात हात जोडायला वाकले तर लक्ष्मीच्या तसबिरीपुढे चांदीच्या ताटात त्या आठही डॉलरच्या नोटा मांडलेल्या. पाचाची एक, एकेकाच्या तीन. गोऱ्याच्या कपाळावर कुंकू जसंच्या तसं, फक्त एका कडेला स्पंजाने फिकटलेलं. मी नमस्कार केला. तोंडातून काही काढलं नाही, पाहा, आवरलं.

रुपराव काल येऊन गेले. त्या प्लॉटवर दुसरं गिऱ्हाईक लागलंय, नऊ हजार एकरकमी देतो म्हणतं. पण ‘मोठ्या बाई, शब्द देला हाये, दसऱ्यापर्यंत थांबतो’ म्हणाले. आईला हे काही सांगितलेलं नाही. तिने बाजारातून कुलूप आणून ठेवलंय. पितळेचं, दोन किल्ल्यांचं. उशाशी घेऊन झोपते.

आता तू स्वतः भैयाजींना पत्र लिही. तू दिलेस, तूच माग. नाहीतर बँकेतून पाठव, मिळेल त्या भावाने.

कुसुम

---

वेम्बली, लंडन
१४ सप्टेंबर १९७४

ताई,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण भैयाजींना मी लिहू शकत नाही. लिहायचं तर काय लिहू? असं देणंघेणं इथे आणि तिथे दोन्हीकडे गुन्हा आहे. पेपरात धरपकडीच्या बातम्या आहेत. पत्र कोणाच्या हाती लागलं तर माझी नोकरी जाईल, पासपोर्टचीही भानगड होईल. तूही कुठे बोलू नकोस. नातं तुटेल असं काही करू नकोस. भैयाजी आज ना उद्या देतीलच.

बँकेतून पाठवायला आता माझ्याकडे नाहीत. तुला सांगणारच होतो. मी इथे घर घेतलं, मेमध्ये. तीन खोल्या आणि मागे छोटी बाग. पंचवीस वर्षांच्या हप्त्याने. सगळं त्यात गेलं. आईला एवढ्यात सांगू नकोस, ती मनाला लावून घेईल.

प्लॉटचं जाऊ दे. हुडकेश्वरला तुम्ही दोघी बायका राहणार तरी कशा? दुसरी भाड्याची खोली बघ.

मधू

---

महाल, नागपूर
२८ ऑक्टोबर १९७४

मधू,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

पंचवीस वर्षांचे हप्ते आणि पाच वर्षांत परत. तुला मी गणित शिकवलं होतं, चौथीत. कुठे चुकले कळत नाही. तीन खोल्या घेतल्यास, चांगलं केलंस. राग घराचा नाही. राग याचा, की मेमध्ये घर घेऊन जूनमध्ये ‘रक्ताची माणसं’ लिहिलंस आणि आम्हाला भैयाजींच्या दारात उभं केलंस. तुझं पत्र वाचून मी रडले, हे एकदाच लिहिते. मग भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

आता पुढचं ऐक. नवरात्रात व्यापारी मंडळींनी भैयाजींचं जाहीर व्याख्यान ठेवलं, ‘आठ डॉलर, आठ देश’. जागा कुठली? आमच्या शाळेचं पटांगण. जागा शाळेची म्हणून आभारप्रदर्शन मुख्याध्यापिकेकडे. म्हणजे माझ्याकडे. हे मी मागितलं नव्हतं. देवीने दिलं. अध्यक्षस्थानी आयकर खात्यातले एक मोठे साहेब, नुकतेच बदलून आलेले. त्यांना बोलावायची हौस भैयाजींचीच, फोटोत शेजारी साहेब हवा म्हणून.

पटांगण भरलं होतं. मुली पुढे सतरंजीवर, मागे सगळी इतवारी. भैयाजी सव्वा तास बोलले. डॉलर एकेक करून खर्च केले. इंग्लंडचा एक डबलरोटीवर गेला. फ्रान्सचा एक आगबोटीवर. इटलीत एक डॉलर चोराने पळवला आणि भैयाजींनी पाठलाग करून परत आणला, मग त्याच डॉलरची केळी घेऊन अर्धी त्या चोरालाच दिली. इथे बाया डोळे पुसत होत्या. शेवटचा आठवा डॉलर परतीच्या विमानतळावर एका गरीब मुलीच्या हातावर ठेवला. ‘खिसा खाली, पन छाती भरून आली!’ टाळ्या थांबेनात.

मी उठले. पदर खोचला आणि म्हणाले, ‘मुलींनो, भैयाजींनी आठ डॉलर कसे खर्च केले ते तुम्ही ऐकलं. पण ते फार विनयशील आहेत, खरी किमया त्यांनी सांगितलीच नाही. ते आठही डॉलर घरी परत आले आहेत! निघताना वहिनींनी ज्यांना कुंकू लावलं होतं त्याच नोटा, तेच कुंकू. भैयाजींच्या देवघरात लक्ष्मीपुढे ताटात आहेत. तुमच्या आयांपैकी पुष्कळजणींनी एप्रिलमध्ये दर्शन घेतलं असेल, त्या ओळखतील. मी ऑगस्टमध्ये स्वतः नमस्कार केला. खर्च केलेली लक्ष्मी घरी कशी परतते, हे भैयाजींनी आपल्याला एकदा सविस्तर समजावून सांगावं अशी मी शाळेच्या वतीने विनंती करते.’

मी एवढंच बोलले. तुझं नाव नाही, संत्र्याचं नाव नाही. कोणाचा कायदा मोडला नाही.

आधी कोणी हसलं नाही. मग सतरंजीवरची एक लहान पोर मोठ्याने म्हणाली, ‘म्हणजे चोराले देलीच नाही केळी?’ आणि मग मागून जो हशा उठला तो भिंतीपलीकडच्या रिक्षावाल्यांपर्यंत गेला. भैयाजी उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. अध्यक्ष साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, भैयाजींकडे वळले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘फारच उद्बोधक. भैयाजी, मी येऊ का एकदा दर्शनाला?’

लेखमाला त्याच रविवारी संपली. तीन देश राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भैयाजींनी ते डॉलर आपल्या जुन्या ‘शुक्रवारी’ तलावात सोडले. निर्माल्य झालं म्हणे. आणि दुपारी पुष्पलतावहिनी आमच्याकडे आल्या. कापडी पिशवी होती. ‘ताई, मोजून घ्या. त्यायनं पाठवले.’ पाच हजार सातशे. मी म्हटलं, ‘वहिनी, ठरले होते सात हजार दोनशे.’ त्या खाली पाहत म्हणाल्या, ‘ते म्हणते, आपल्या देशाचा कायदा हाये, सरकारी भावानंच देईन.’ मधू, चोवीसच्या भावाने घेतलेली संत्री एकोणीसच्या भावाने फेडली, तेही देशभक्ती म्हणून! या माणसाच्या तोंडावर काही टिकतच नाही. शाई नाही, लाज नाही.

तेराशे कमी पडत होते आणि दसरा चार दिवसांवर आला होता. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीच्या तळातून एक गाठोडं काढलं. स्टेशनवरचे ते नोटांचे हार, दोऱ्यात ओवलेले, जसेच्या तसे. ‘हे माह्याजवळच होते. त्यायले आठोनही नाही. घ्या ताई. मले तुमच्या आईच्या डोळ्यात पाह्यवत नाही.’ त्या घरात एक माणूस आहे, मधू, आणि त्याला विलायतेला कोणी नेलं नाही.

हार जवळजवळ पुरले, थोडे कमी पडले ते मी घातले. रुपराव भोकं पडलेल्या नोटा उजेडाकडे धरून पाहत म्हणाले, ‘मोठ्या बाई, हे तुमच्या लग्नातले काय?’ मी म्हटलं, ‘दुसऱ्याच्या वरातीतले आहेत, पण चालतात.’

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरेदीखत झालं. आईच्या आणि माझ्या नावाने. तुझी तीनशे संत्री माझ्याकडे पोचली, सरकारी भावाने, त्याचं ऋण मानते. वर भाव वाढवून जे मिळायचं होतं ते मी पटांगणात उभी राहून मिळवलं, म्हणून ते माझं. यापुढे पाठवायचं असेल तर बँकेतून पाठव. कमी येईल, येऊ दे. पोस्टमन दारात येऊन सही मागतो, मला ‘पैशेवाली बाई’ म्हणत नाही.

काल आईला रिक्षाने हुडकेश्वरला नेलं. बांधकाम अजून काहीच नाही, तोवर भाड्याची खोली बघेन. तारेचं कुंपण आणि बाभळीच्या लाकडाचं एक फाटक, बस. आत नुसतं गवत. आईने फाटक ओढून घेतलं आणि आपलं पितळी कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं. मग तशीच उभी राहिली, कुलपावर हात ठेवून. मी आवाज दिला तरी हलली नाही.

परत येताना म्हणाली, ‘एक किल्ली मधूले पाठव वं. पाच वर्षांनी येईन ना तो.’ थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, ‘मागंबी पाचच म्हणत होता.’

तुझ्या घराचं मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांग, समोर बसून.

किल्ली मी पाठवत नाही. इथे दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे. येऊन घेऊन जा.

आशीर्वाद.

ताई